बीप वाजल्यावर बोला

लिफ्ट बंद नसती, तर मी तिसऱ्या मजल्यावर थांबलेच नसते.

मला जायचं होतं पाचव्यावर. तिथल्या आजोबांचा प्रिंटर कागद गिळत होता आणि आजोबा दुकानात फोन करकरून मामाचं डोकं खात होते. दुकान मामाचं, जिने मात्र माझ्या नशिबी. एका हातात हत्यारांची बॅग, दुसऱ्या हातात निथळणारी छत्री... दम खायला कठड्याला टेकले, आणि समोरच्या बंद दाराआडून आवाज आला.

पुरुषाचा. भरदार. कुठल्यातरी परक्या भाषेतलं एक वाक्य — आणि लगेच ‘टुंग’. चुकलं म्हणून सांगणारा तो आवाज कुठल्याही भाषेत कळतो. पुन्हा तेच वाक्य, जरा चढ्या स्वरात. टुंग. पुन्हा वाक्य. टुंग.

मग आपल्या भाषेत, अगदी कळवळून — “अगं बाई, सफरचंदच खातोय मी! आणखी काय खाऊ? तुझं डोकं?”

मला हसू आवरेना. तोंडावर हात दाबायला गेले, तर छत्री सुटली आणि धाडधाड करत अर्धा जिना उतरून गेली.

दार उघडलं. दारात एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस. गळ्यात हेडफोन, आणि चेहरा असा, की जणू चोरी त्याचीच पकडली गेली.

“कोण हवंय?”

“कुणी नाही. मी... पाचव्यावर चाललेय. प्रिंटर दुरुस्तीला.” मला गप्प बसता येत नाही, हा माझा जन्माचा दोष. “पण तुमचं सफरचंद अडलेलं दिसतंय.”

त्याचे कान लाल झाले. एवढ्या दांडग्या माणसाचे एवढे पटकन लाल होणारे कान मी पहिल्यांदाच बघितले.

“ऐकू जातं बाहेर?”

“पाचव्यापर्यंत जात असेल.”

तो माझ्या बॅगेकडे बघत राहिला. मग खूप विचार करून, हळूच म्हणाला, “तुम्ही... भाषा शिकवणारे प्रोग्रॅमही बघता का?”

आत एकच खोली होती. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. मोरीपाशी एक कप उपडा घातलेला. सगळं स्वच्छ आणि सगळं एकेकच. माझी खोलीही अशीच आहे म्हणून मला ते लगेच दिसलं.

खुर्ची त्याने मला दिली आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. मी माझे नेहमीचे प्रश्न सुरू केले. कधीपासून होतंय? आधी काय केलं होतं? नेमकं काय होतं?

“बीप वाजतो. मी बोलतो. ती बया म्हणते, चूक. काहीही बोललो तरी चूक. गप्प बसलो तरी चूक.”

“गप्प बसूनही पाहिलंत?”

“पाहिलं ना. म्हटलं, तेच आवडत असेल तिला.”

मला पुन्हा हसू आलं. दोष सापडायला वेळ लागला नाही. प्रोग्रॅम त्याच्या हेडफोनचा माइक ऐकतच नव्हता. तो ऐकत होता पडद्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याचा माइक, आणि त्या कॅमेऱ्यावर ह्या गृहस्थाने काळी पट्टी चिकटवलेली. माइकच्या भोकासकट.

“ही पट्टी कशाला?”

तो जरा घुटमळला. “रविवारी काढतो. मुलीशी बोलायला. कॉल संपला की त्यात... माझंच तोंड दिसत राहतं. म्हणून.”

मी सेटिंगमध्ये जाऊन हेडफोनचा माइक निवडला. “आता बोला.”

बीप. सफरचंदाचं वाक्य. आणि — टुंग नाही. एक गोड, चढत जाणारी घंटी. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याला आख्खी बाग दिली असावी.

वरच्या आजोबांचा प्रिंटर त्या दिवशी मी फार प्रेमाने दुरुस्त केला.

दोन-तीन दिवसांनी दुकानात फोन आला. मामाने उचलला, ऐकून घेतलं आणि रिसिव्हरवर हात ठेवून मला म्हणाला, “कुणी क्रेनवाला आहे. म्हणतो, अक्षरांच्या जागी चौकोन यायला लागलेत. आणि म्हणतो, त्या हसणाऱ्या बाईंनाच पाठवा.”

“फॉन्ट गेला असेल,” मी म्हटलं.

“फॉन्टच गेलाय ना?” मामाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी बॅग उचलून निघाले.

तो बंदरावर क्रेन चालवायचा. दिवसभर उंच काचेच्या पेटीत एकटा. खालच्या माणसांशी बोलणं फक्त वॉकीटॉकीवर — डावीकडे घ्या, थांबा, सोडा. हे सगळं त्याने एकदम नाही सांगितलं. त्याच्याकडून बोलणं काढणं म्हणजे गंजलेला स्क्रू काढण्यासारखं. घाई केली की खाच झिजते. मी फॉन्ट टाकता टाकता विचारायची, तो थोडं थोडं सांगायचा.

मुलगी सात वर्षांची. चिमी म्हणायचा तिला. ती चार वर्षांची असताना तिची आई वेगळी झाली, पुढे तिने दुसरं लग्न केलं आणि दोघी परदेशी गेल्या. भांडण नव्हतं आता. रविवारचा कॉल ठरलेला होता. पण पोरगी शाळेत जायला लागली, तिकडची भाषा बोलायला लागली आणि आपली विसरायला लागली.

“मागच्या रविवारी मी तिला विचारलं, दात पडला का गं? तर ती आईकडे वळली, आणि तिकडच्या भाषेत...” तो थांबला. “मला तेवढं कळलं. ती म्हणाली, हा काय म्हणतोय?”

खिडकीबाहेर बारीक पाऊस होता, थंडीतला. पडतोय की नुसता लोंबकळतोय हे कळू न देणारा. मी उगाचच आणखी एकदा फॉन्ट तपासला.

“चला, एक धडा करून दाखवा,” मी म्हटलं. “चौकोन गेले का बघू.”

चौकोन गेले होते, पण टुंग परत आली होती. पाचपैकी चार वाक्यं चूक. माइक ठीक, आवाज ठीक. मी त्याचं बोलणं रेकॉर्ड केलं, हेडफोन मागितला आणि ते स्वतः ऐकलं. आणि मग मला कळलं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी, अगदी पुटपुटत, तो म्हणत होता — ओव्हर. वॉकीटॉकीवर ‘माझं बोलून झालं’ म्हणून सांगतात, तसं.

“मी सफरचंद खातो, ओव्हर. माझ्या आत्याकडे तपकिरी घोडा आहे, ओव्हर.”

“मी असं म्हणतो?” तो हादरलाच.

“दर वाक्याला. तिला वाटतं आत्याच्या घोड्याचं नाव ओव्हर आहे.”

आणि तो हसला. पहिल्यांदा. आधी आवाज न करता खांदे हलले, मग पोटातून ते हसू वर आलं... मी बघतच राहिले.

“हे बघा,” मी जरा सावरून म्हटलं, “बीप वाजला की लगेच तुटून पडू नका. एक श्वास घ्या. मग बोला. वाक्य संपलं की नुसतं थांबा. कुणाला काही कळवायचं नाही.”

बीप वाजला. त्याने श्वास घेतला. मीही घेतला — का, कोण जाणे.

मी दुरुस्तीवाली. रोज चार-पाच घरांत जाते. लोक दार उघडतात, माउस हलत नाही म्हणतात, आणि मी टेबलाखाली शिरते. शहरातली अर्धी माणसं मला पाठीवरून ओळखत असतील. काम झालं की ‘बरं झालं बाई’ म्हणतात, ते पडद्याकडे बघून. संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत आले, की अंडं उकडायचं, ब्रेड भाजायचा, आईचा फोन आला तर ‘जेवले’ म्हणायचं. आई दादाकडे असते. एकदा माझं लग्न जमता जमता राहिलं, तेव्हापासून ती फोनवर जेवणाशिवाय काही विचारत नाही. मला वाटायचं, सवय झालीय. मग ह्या माणसाच्या खोलीत बसून आले की माझी खोली जास्तच शांत वाटायला लागली.

आणि नंतरची तक्रार सगळ्यांत विचित्र होती. संभाषणाचे धडे सुरू झाले — दुकानात, दवाखान्यात, स्टेशनावर. पडद्यावर दोघांची वाक्यं दिसायची, पण समोरच्याचा आवाजच यायचा नाही. तो विचारायचा, स्टेशन कुठे आहे? आणि पलीकडे शांतता.

मी प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. आवाजाचे ड्रायव्हर बदलले. शेवटी डिस्क उजेडात धरली, तर कडेला लांबलचक चरा. समोरच्या माणसाचं सगळं बोलणं त्या चऱ्यात गेलेलं. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली.

“म्हणजे नाहीच होणार?” त्याने विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी खुर्चीवर बसलेय आणि तोही खुर्चीवर बसलाय. दुसरी खुर्ची. नवी, अजून पायांना प्लास्टिक गुंडाळलेली.

“होईल,” मी म्हटलं. “समोरच्याचं मी वाचते.”

मी वेटर झाले, डॉक्टर झाले, तिकीट तपासनीस झाले. आम्हा दोघांनाही उच्चार धड येत नव्हते. आधीच्या धड्यांतल्या बाईचं ऐकून ऐकून अंदाजाने बोलायचो. तो मला कॉफीत साखर मागायचा, मी त्याला पाय दुखतो का विचारायची.

“सुट्टीत तुम्ही काय करता?” तो पडद्यावरचं वाचायचा.

“मी पोहते आणि मैत्रिणींना भेटते,” मी वाचायची.

एकदा तो मध्येच आपल्या भाषेत म्हणाला, “खरंच?”

“काय खरंच?”

“पोहता?”

“छे. आणि मैत्रिणीही... सगळ्या लग्न करून पांगल्या.” मग मी विचारलं, “तुम्ही? इथं लिहिलंय, मी नाचायला जातो.”

“मी कपडे धुतो,” तो म्हणाला. पडद्यावर बाण लुकलुकत राहिला, पुढचं वाक्य मागत.

मग एका रविवारी त्याने मला बोलावलं. “काही बिघडलं नाहीये. पण आज तिच्याशी तिच्या भाषेत बोलणार आहे. ऐनवेळी काही अडलं तर... तुम्ही बसाल?”

मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बाजूला बसले. त्याने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. कॅमेऱ्यावरची पट्टी त्याने नखाने हळूहळू सोलून काढली.

पडद्यावर ती आली. समोरचे दोन दात नाहीत, केसांत तिरकी पिन. बाबाने श्वास घेतला आणि घोकलेलं वाक्य म्हटलं — तू कशी आहेस, शाळेत काय झालं?

पोरीचे डोळे मोठे झाले. आणि मग ती सुटली. एका दमात, सात वर्षांचं पोर बोलतं तसं, अर्धं हसत, अर्धं हातांनी. आमच्या धड्यांतलं तिथं काहीच नव्हतं. ना स्टेशन, ना वेटर. तो गोठून गेला. हळूच माझ्याकडे वळला, आणि ओठांनीच विचारलं — आवाज येत नाहीये का?

मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. आवाजाची हिरवी पट्टी नाचत होती. त्या क्षणी काहीतरी बिघडलेलं असावं, असं मला किती वाटलं! बिघडलेलं मला दुरुस्त करता येतं.

“येतोय,” मी कुजबुजले.

त्याचा चेहरा पडला. पोरगी थांबली, वाट बघायला लागली. आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे पहिलं निघेल ते निघालं — “मी सफरचंद खातो.”

मग ती पोर खो खो हसत सुटली, अशी, की खुर्चीवरून घसरली. पुन्हा वर आली, तोंड अगदी कॅमेऱ्याला लावलं आणि तिकडच्या भाषेतला सफरचंद हा शब्द तोडून तोडून म्हणून दाखवला. बाबाचा उच्चार साफ चुकला होता. आणि मग आपल्या भाषेत, अडखळत, बोबडं —

“परत म्हण, बाबा.”

त्याने म्हटलं.

“नाही, नाही. परत म्हण.”

तो म्हणत राहिला. ती त्याला शिकवत राहिली — खुर्ची, पिन, पडलेला दात. तिच्यामागून कुणीतरी धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन गेलं, तिने वळूनही पाहिलं नाही. मी बॅग उचलली आणि दार अलगद ओढून घेतलं. त्याला कळलं नाही. कळू नये म्हणूनच तर मी निघाले होते.

दोन मजले उतरेपर्यंत मला फार आनंद झाला होता. खालच्या दाराशी पोहोचता पोहोचता लक्षात आलं, की काम झालं.

त्यानंतर फोन आला नाही. आठवडा गेला, दुसराही सरला. दुकानात फोन वाजला की मी दुसऱ्याच कुणाचं काम करत असल्यासारखी मान खाली घालायची, आणि कान मात्र तिकडे.

“त्या क्रेनवाल्याचं मशीन बरं चाललंय वाटतं,” मामा म्हणाला.

“चांगलं दुरुस्त केलं की असंच होतं.”

“मग तोंड का असं?”

मामाने माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. “मघापासून तोच स्क्रू लावतेस आणि काढतेस. जा कुठंतरी फिरून ये.”

कुणी बोलावल्याशिवाय मी आजवर कुणाच्या घरी गेले नव्हते. त्या संध्याकाळी गेले. बॅग न घेता. रिकाम्या हातांचं काय करावं हे जिनाभर कळेना.

त्याने दार उघडलं आणि पाहतच राहिला. “मी... तक्रार केली नव्हती.”

“माहीत आहे,” मी म्हटलं. “या वेळी तक्रार माझी आहे.”

त्याच्या खांद्यावरून मला खोली दिसली. टेबल रिकामं. भिंतीशी खोकी, दोरीने बांधलेली.

“चाललात?”

“पुढच्या आठवड्यात. तिथल्या बंदरात क्रेनवाले हवे होते. उन्हाळ्यातच अर्ज केला होता. मुलाखत झाली, त्यांच्या भाषेत. तुम्ही वेटर झालात, डॉक्टर झालात... म्हणून निभावलं.” तो दाराची कडी उगाचच खालीवर करत राहिला. “वर्षभराचं काम आहे. चिमीचं घर तिथून बसने जवळ.”

“आणि मला सांगितलं नाहीत.”

“रोज फोन उचलायचो दुकानाचा नंबर लावायला. पण काय बिघडलंय म्हणून सांगू, तेच सुचायचं नाही. काही बिघडलंच नव्हतं हो.”

मी आत गेले आणि त्या दुसऱ्या खुर्चीवर बसले. ती अजून बांधली नव्हती. तो समोर बसला. मग घसा खाकरून, अगदी गंभीरपणे म्हणाला, “तक्रार... कधीपासून आहे?”

“थंडी सुरू झाली तेव्हापासून.”

“आधी काय केलं होतंत?”

“काही नाही. जिना चढत होते.”

“आणि — नेमकं काय होतं?”

हसत सांगणार होते. जमलं नाही. “संध्याकाळ संपत नाही,” मी म्हटलं.

त्याने मान खाली घातली. त्याचे ते दांडगे हात गुडघ्यांवर नुसते पडून होते.

“मला हे आपल्या भाषेत बोलता येत नाही,” तो म्हणाला. “तिकडच्या भाषेत निदान धडे तरी आहेत.”

“बोला की. चुकलात तर मी टुंग करणार नाही.”

“तुम्ही गेलात ना, की मी...” तो थांबला, पुन्हा सुरू झाला. “मी ह्या खुर्चीकडे बघत नाही. पाठ करून जेवतो. एवढंच.”

एवढंच! मी आयुष्यात कुणाकडून ऐकलेलं सगळ्यांत लांब वाक्य होतं ते.

“तुम्ही नका जाऊ म्हणालात, तर मला...”

“नाही म्हणणार,” मी मध्येच तोडलं. “ती सात वर्षांची आहे. तिला दर महिन्याला नवे शब्द येतात. मी आहे तशीच राहणार आहे.”

“वर्षभर?”

“वर्षानंतर काय, सांगा ना.”

तो विचार करत राहिला. “माहीत नाही,” शेवटी म्हणाला.

“चालेल. गोड बोलून फसवलं नाहीत, हे बरं.” आणि मी त्याच्या हातावर हात ठेवला. तो हात खरखरीत होता, आणि अगदी गार.

तो निघायच्या आदल्या दिवशी त्याची बंदरावरची शेवटची पाळी होती. दुपारी मी मामाला न सांगताच तिकडे गेले. कुंपणाच्या बाहेर उभी राहिले. झिमझिम चालू होती, समुद्रावरून बोचरा वारा येत होता. क्रेन दोन होत्या. उंच, पिवळ्या, धुक्यात अर्ध्या बुडालेल्या. कुठल्या पेटीत तो आहे, हेही मला ठाऊक नव्हतं. मी दोन्हींकडे आळीपाळीने बघत होते. एकीने एक लाल कंटेनर उचलला, आभाळातून हळूहळू फिरवला आणि जहाजावर असा ठेवला, की जणू झोपलेलं मूल पलंगावर ठेवावं. मग तिचा हात थांबला. जेवणाची सुट्टी झाली असावी.

माझा फोन वाजला.

“कुंपणापाशी निळ्या कोटात कोण उभं आहे?”

“असेल कुणीतरी,” मी म्हटलं.

फोनमध्ये वारा वाजत होता. मी वर पाहिलं. काचेत काहीच दिसत नव्हतं, नुसतं राखाडी आभाळ.

“भिजतेयस तू,” तो म्हणाला. मग जरा थांबून, हळू — “घरी जा ना. आजारी पडशील.”

“तू उतर आधी,” मी म्हटलं. “मग जाऊ.”